पालथी वाटी

दुसरा पूल मागे पडला तेव्हा सासऱ्यांनी तिला तिसऱ्यांदा विचारलं, "साहेबांचं जेवण झालं का गं?"

साहेब म्हणजे तिचा अकरा महिन्यांचा मुलगा. आजोबांच्या खांद्यावर मान टाकून तो गाढ झोपला होता, आणि त्याच्या लाळेऱ्यावरचा गाजराचा डाग अजून वाळलासुद्धा नव्हता. तासाभरापूर्वी दवाखान्याच्या बाकावर तिनेच त्याला भरवलं होतं आणि सासऱ्यांनीच आपल्या रुमालाने त्याचं तोंड पुसलं होतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती सहज म्हणाली, झालं की. दुसऱ्यांदा तेच म्हणाली, जरा सावकाश. आता ती गप्प राहिली. त्यांनीही उत्तराची वाट पाहिली नाही. चालत राहिले, नातवाच्या पाठीवर हलकं थोपटत. त्यांनी वाट पाहिली नाही याचीच तिला जास्त भीती वाटली.

पुढचा रस्ता खणून ठेवला होता म्हणून बस बंद होती. घर अजून तासाभराच्या चालीवर. डाव्या हाताला कालव्याची भिंत, उजव्या हाताला शटर ओढलेली गोदामं, आणि मध्ये ही तीन माणसं. सूर्य कलायला लागला होता. चालायची तिला सवय होती, तक्रार नव्हती. पण घरी पोचायच्या आत एक गोष्ट ठरवायला हवी होती. उद्या सकाळी साडेसातला ती कामावर निघणार, नवरा तिच्याही आधी निघणार, आणि दिवसभर मूल कुणाजवळ ठेवायचं?

हाच प्रश्न दोन महिन्यांपूर्वी कुणी विचारला असता तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. कुणाजवळ म्हणजे काय, बाबांजवळ.

एकतीस वर्षं ते एका मोठ्या हॉस्पिटलात जेवणाची गाडी ढकलत होते. तीन वॉर्ड, बासष्ट खाटा, दिवसातून दोन जेवणं. कुणाचं बिनमिठाचं, कुणाचं बिनसाखरेचं, कुणाचं नुसतं पातळ. इतर वाढपी हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन फिरायचे. हे कधीच नाही. "चिठ्ठी हरवते, डोकं हरवत नाही," असं म्हणायचे आणि खरोखरच एकाचं ताट दुसऱ्याला गेलं असं त्यांच्या हातून कधी झालं नाही. त्यांच्या गाडीचं एक चाक कुरकुरायचं. हॉस्पिटलवाल्यांनी तेल घालायला माणूस पाठवला तर यांनीच त्याला परत लावलं होतं. आवाज आला की पेशंट उठून बसतात, तेल घातलं तर दचकतील, म्हणाले. निवृत्त होताना साहेबलोकांनी भाषणं केली, ती काही त्यांच्या लक्षात राहिली नाहीत. एका म्हाताऱ्या पेशंटने हात धरून म्हटलं होतं, आता आम्हाला जेवायला कोण उठवणार, तेवढं मात्र ते दर दोन-चार महिन्यांनी सांगायचे.

त्यांचा एक नियम होता. गळ्याचं ऑपरेशन झालेले, जबडा बांधलेले, बोलता न येणारे पुष्कळ पेशंट असायचे. त्यांना बास म्हणायचं कसं? म्हणून त्यांनी सगळ्या वॉर्डांत एक खूण चालू केली. पोट भरलं की वाटी पालथी घालायची. पालथी वाटी दिसली की गाडी पुढे. मग कुणीही आग्रह करायचा नाही, डॉक्टरनेसुद्धा नाही. नर्सबाई हसायच्या, पण पाळायच्या.

असा माणूस घरात असताना पाळणाघर कशाला शोधायचं? ती तयार कपड्यांच्या कारखान्यात काजांच्या मशीनवर होती. मूल सात महिन्यांचं झालं आणि ती परत कामावर रुजू झाली. पहिल्या दिवशी जिन्यात पाय अडखळले तेव्हा सासरे वरून म्हणाले होते, "जा पोरी, बासष्ट सांभाळलेत, हा एक काय जड आहे?"

दहावा महिना लागला आणि साहेबांनी फेकाफेकी सुरू केली.

आधी चमचा. मग चमच्यातला भात. मग वाटी, भातासकट. उंच खुर्चीत बसायचं, दोन घास मुकाट्याने खायचे, आणि तिसऱ्याला हात असा फिरवायचा की समोरच्या भिंतीवर कुस्करलेला बटाटा. खाली वाकून आपण काय केलं ते बघायचं, आणि आपल्याकडे बघायचं. शेजारीण म्हणाली, दोन चापट्या द्या, सरळ येतो. नवऱ्याने बुडाला रबर असलेली, टेबलाला चिकटून बसणारी वाटी आणली. साहेबांनी पहिल्या दिवशी तिचा अभ्यास केला आणि दुसऱ्या दिवशी ती उपटून बापाच्या अंगावर टाकली. नवरा शर्ट बदलायला गेला तो तिथूनच ओरडला की हा तुमच्याकडचा वारसा आहे, आमच्याकडे कुणी असं नव्हतं. सासरे म्हणाले, तू ताट फेकायचास. ताटच.

तिला मात्र रडू यायचं. दिवसभर उभं राहून यायचं, वेळ काढून शिजवायचं, आणि ते फरशीवरून पुसून काढायचं. एकदा ती त्याच्यावर खेकसली. तो घाबरला नाही, हसला. दुसऱ्यांदा खेकसली तर खेळ समजून परत फेकलं.

तेव्हा सासऱ्यांनी सूत्रं हातात घेतली. म्हणाले, ओरडायचं नाही, हसायचं नाही, तोंडावर काही दाखवायचंच नाही. वाटीत एका वेळी दोनच घास. संपले की आणखी दोन. भूक असेल तर मूल खातं, फेकायला लागलं म्हणजे पोट भरलं, एवढं सोपं आहे. त्याला बास म्हणता येत नाही, म्हणून फेकतोय, तर त्याला बास म्हणायला शिकवू. आणि रोज जेवण संपताना ते त्याचे दोन्ही चिमुकले हात धरून वाटी पालथी घालायला लागले. वाटी पालथी, की लगेच लाळेरं सोडायचं, तोंड पुसायचं, खुर्चीतून उचलायचं. एकदाही उशीर नाही.

बारा-तेरा दिवसांत तो शिकला. तिला खोटं वाटलं असतं, पण तिने स्वतः पाहिलं. पोट भरलं की गडी वाटी दोन्ही हातांनी उलटी करायचा, तिच्यावर तळहात ठेवायचा आणि रुबाबदार चेहरा करून बघायचा. एखाद्या बड्या अधिकाऱ्याने फायलीवर सही करून ती बाजूला सारावी तसा. साहेब हे नाव तेव्हाच पडलं. तीन आठवडे भिंत स्वच्छ राहिली. रोज सकाळी देवापुढे हात जोडताना ती सासऱ्यांसाठी वेगळे हात जोडायची.

मग पुन्हा सुरू झालं, आणि पहिल्यापेक्षा वाईट.

नवल असं की संध्याकाळी तिच्या हातून जेवताना काही नाही. खायचा थोडं, वाटी पालथी घालायचा, झालं. दिवसा मात्र भिंतीवर रोज नवे डाग. सासरे संध्याकाळी थकून सांगायचे, आज साहेबांनी चार वेळा ताट परत पाठवलं. पुढे पुढे म्हणायला लागले, आज दिवसभर काही खाल्लंच नाही. ती म्हणायची, दात येत असतील. नवरा म्हणायचा, लाडावलाय. एक दिवस ती घरी आली तर सासऱ्यांच्या भुवईवर खोक. स्टीलची ताटली लागली म्हणाले. मुलाचे डोळे रडून सुजलेले. नवऱ्याने पाळणाघराचा विषय काढला मात्र, सासरे ताडकन उठले. असे ते कधी उठत नसत. आवाज चढवून म्हणाले, "माझ्या हातून एक पेशंट उपाशी राहिलेला नाही. एक दाखव."

त्यांच्यापुढे कोण बोलणार? विषय तिथेच मिटला. मुलगा फेकतोय, मुलगा हट्टी आहे, मुलाला वळण लावायला हवं. अकरा महिन्यांच्या जिवावर सगळं ढकलून तिघं मोठी माणसं जेवायला बसली.

गेल्या मंगळवारी कारखान्यात मोटार जळली आणि सगळ्यांना साडेअकरालाच सोडलं. ती घरी आली तर दार नुसतं लोटलेलं. आत जाणार, तेवढ्यात तिला सासऱ्यांचा आवाज ऐकू आला, इतका गोड, इतका विनवणीचा, की ती उगाच थांबली. फटीतून खुर्ची दिसत होती.

साहेबांसमोर वाटी होती. त्याने ती दोन्ही हातांनी धरली, पालथी घातली आणि वर तळहात ठेवला. शिकवलं होतं तस्सं. आजोबांकडे बघितलं.

सासऱ्यांनी त्याचा हात अलगद बाजूला केला, वाटी सरळ केली आणि दोन घास घातले.

"खा रे राजा. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

त्याने परत पालथी घातली. या वेळी दोन्ही हात वर ठेवले, जोर लावून. त्यांनी परत सरळ केली. तिला वाटलं, गंमत करताहेत. मग त्यांचा चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावर गंमत नव्हती, काळजी होती. खरीखुरी, डोळ्यांत पाणी आणणारी काळजी. तिसऱ्यांदा मुलाने वाटीला हात लावला नाही. वाटीकडे नुसतं बघितलं, मग उचलली आणि भिरकावली.

तिची नजर मोरीकडे गेली. कठड्यावर मुलाच्या तीन वाट्या घासून उपड्या घातलेल्या. दोरीवर दोन लाळेरी धुऊन वाळत टाकलेली. सकाळी ती चार वेळांचा भात शिजवून गेली होती, ते पातेलं रिकामं. सगळं नीटनेटकं, जिथल्या तिथे, हॉस्पिटलात असायचं तसं. म्हणजे प्रत्येक वेळी त्यांनी भरवलं होतं, पुसलं होतं, घासलं होतं, आणि मग त्यांच्या लेखी ते झालंच नव्हतं.

ती दार ढकलून आत गेली त्याच वेळी मुलाला उलटी झाली. सासरे धावले, पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "बघ, म्हणत होतो ना. उपाशीपोटी पित्त होतं लेकराला."

आज कशी लवकर, असं त्यांनी विचारलं, तर तिने मोटार जळाल्याचं सांगितलं. जे पाहिलं ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी निकाल लागला असता, आणि निकाल काय लागणार ते तिला दिसत होतं. या माणसाच्या हातातून एकतीस वर्षांनी गाडी गेली तेव्हा तो सहा महिने खिडकीत बसून होता. नातवाने त्याला परत उभं केलं होतं. आता मूल काढून घ्यायचं? आणि नाही घ्यायचं तर उद्या तो काय भरवेल, किती भरवेल? दोन दिवस तिने आजारपणाची रजा टाकली. देवाजवळ तिने काही मागितलं नाही, काय मागावं तेच कळेना. नुसतं नाव घेत राहिली.

आज तिसरा दिवस. तिने सासऱ्यांना म्हटलं, वजन करून आणू, तुम्हीही चला, तुम्हाला विचारतील तर नीट सांगता येईल. ते खूश झाले. इस्त्रीचा शर्ट घातला.

डॉक्टरीणबाईंनी वजन दोनदा केलं. मागच्या महिन्यापेक्षा किलोभर जास्त. किती वेळा भरवता, असं विचारलं तेव्हा सासरे उभे राहिले आणि वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगावं तसं वेळेसकट सांगितलं. आठ, अकरा, दोन, पाच. प्रत्येक वेळी किती, काय, मीठ किती. ऐकणाऱ्याला शंका येणार नाही असं. बाई म्हणाल्या, आजोबा, याला शब्द नाहीत, हात आहेत. फेकतो म्हणजे तो तुम्हाला सांगतोय की बास. सासरे हसले. "बाई, हे मी तुमच्या जन्माआधीपासून लोकांना शिकवतोय." आणि ते खरं होतं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

गोदामांची रांग संपली तिथे एक नळ होता आणि सिमेंटचा बाक. मूल जागं झालं. सासरे म्हणाले, थांब जरा, याला भूक लागली असेल. पिशवीतून त्यांनी डबा काढला, वाटी काढली, केळं सोलून काट्याने बारीक केलं. हात अजून तसेच चपळ. नातवाला मांडीवर घेऊन बसले. तिला वाटलं आता बोलावं.

मुलाने वाटीत बघितलं. आजोबांकडे बघितलं. मग वाटी घेतली आणि त्यांच्या मांडीवरच पालथी घातली. इस्त्रीच्या पँटवर केळं. वर तळहात.

सासऱ्यांचा हात वाटी सरळ करायला पुढे आला.

"बाबा," ती म्हणाली, "वाटी पालथी आहे."

हात तिथेच थांबला. एक सायकल गेली, नळ ठिबकत होता. ते त्या छोट्या हाताकडे बघत राहिले. त्यांचं तोंड हळूहळू बदललं, ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा आणि तो आपल्याला शोधत आलाय हे कळावं, तसं.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं. मंगळवारचं सगळं, तीन वाट्या, दोन लाळेरी, रिकामं पातेलं. उलटीचंही सांगितलं. काही झाकलं नाही, कारण ते मधे एकदाही नाही म्हणाले नाहीत. दवाखान्याच्या बाकावर तो जेवला होता तेही सांगितलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून बघितला, त्यावर गाजर होतं. रुमाल त्यांनी घडी करून परत ठेवला.

मग ते स्वतःच बोलायला लागले. वॉर्डात चौदा नंबरच्या खाटेवर एक मास्तर होते. जेवून अर्धा तास झाला की म्हणायचे, मला कुणी वाढलंच नाही. बाकीची वाढपी पोरं हसायची. "मीही हसायचो," ते म्हणाले. "त्यांची खरकटी वाटी त्यांना दाखवायचो आणि म्हणायचो, ही काय भुताने खाल्ली? मास्तर वाटीकडे बघायचे. आता कळतंय काय बघायचे ते."

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. सून म्हणून आजवर कधी ठेवला नव्हता. ती म्हणाली, औषधं असतील, डॉक्टरला दाखवू, मी काम सोडते थोडे दिवस, तुम्ही आहातच की, आपण दोघं मिळून बघू. बोलता बोलता तिलाच आपला आवाज खोटा वाटला.

"नुसतं भरवण्याचं असतं तर ठीक होतं," सासरे म्हणाले.

तिने मूल त्यांच्या मांडीवरून आपल्याकडे घेतलं. मुद्दाम नाही, हात आपसूक गेले. त्यांनी ते पाहिलं, आणि सोडून दिलं.

गेल्या आठवड्यात, कुठला वार ते त्यांना आठवत नव्हतं, ते हॉस्पिटलच्या मागच्या फाटकापाशी उभे होते. पहारेकऱ्याशी भांडत होते की मला आत सोड, दोन वॉर्ड खोळंबलेत. पहारेकरी नवा, त्याने ओळखलं नाही. मग स्वयंपाकघरातली एक जुनी बाई बाहेर आली आणि म्हणाली, अहो, तुम्ही इकडे कुठे, नातू काय म्हणतो? नातू म्हटल्यावर ते भानावर आले. खिशात हात घातला तर घराची किल्ली. दाराला बाहेरून कुलूप घालून आले होते.

"मूल?" तिने विचारलं.

"खुर्चीत होतं. पट्टा बांधलेला." ते कालव्याच्या भिंतीकडे बघत म्हणाले. "मी पळत आलो. किती वेळ गेला होता ते मला सांगता येत नाही. तो रडत नव्हता गं. रडून रडून गप्प झाला होता. मी त्याला उचललं, धुतलं, झोपवलं. तू आलीस तेव्हा सांगायचं असं घोकत बसलो होतो. तू चप्पल काढलीस, आणि मी म्हटलं, आज साहेबांनी काही खाल्लं नाही."

दूर कुठेतरी कारखान्याचा भोंगा वाजला. मुलाने आवाजाकडे मान वळवली. तिने त्याला इतकं घट्ट धरलं होतं की तो कुरकुरला.

सासरे उठले. पँटवरचं केळं त्यांनी नळावर धुतलं, वाटी धुतली, पिशवीत ठेवली. मग तिच्यासमोर येऊन उभे राहिले, वॉर्डात मोठ्या डॉक्टरांसमोर राहायचे तसे, हात पाठीशी बांधून. डोळे अगदी स्वच्छ होते.

"आत्ता मी शुद्धीत आहे, तोवर ऐकून घे. उद्या सकाळी मी हे बोललो होतो असं तू सांगशील आणि मी म्हणेन, छे. मी चिडेन. तुझ्या नवऱ्यासमोर तुला खोटारडी म्हणेन, म्हाताऱ्याला घराबाहेर काढायला निघाली म्हणेन. मी फार पटेल असं बोलतो, तू आज दवाखान्यात बघितलंस. तोसुद्धा माझं ऐकेल. तूही ऐकशील, तुझं मन मऊ आहे. किल्ली मागितलीस तर मी देणार नाही, म्हणून मागू नकोस, न विचारता काढून घे. माझ्याजवळ त्याला एकटं ठेवू नकोस, पाच मिनिटंसुद्धा. मी पाया पडलो तरी ठेवू नकोस. एवढं कर पोरी. उद्यापासून माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस."